शाळेच्या गेटवरची टपरी : शंभर यार्डांचा कायदा आणि आपली जबाबदारी

शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे, हे आता कुणाला नव्याने सांगावे लागत नाही. शाळेच्या भिंतीवर तसा फलक असतो. पण त्याच फलकाकडे पाठ करून रस्त्यापलीकडे पाहिले, तर सोलापूर शहरातल्या कितीतरी शाळांसमोर पानटपरी दिसते. टपरीच्या दर्शनी बाजूला पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात. त्यांच्या खालीच गोळ्या-बिस्किटांच्या बरण्या, वेफर्सची पाकिटे आणि कधी कधी पेन-वह्याही असतात. मधल्या सुट्टीत मुले खाऊ घ्यायला तिथेच जातात.

दर वर्षी ३१ मे रोजी जागतिक तंबाखूविरोधी दिन साजरा होतो. शपथा घेतल्या जातात, फोटो काढले जातात. महाराष्ट्रात त्या दिवशी शाळांना उन्हाळी सुट्टी असते. म्हणजे ज्यांच्यासाठी हा दिवस पाळायचा, ती मुलेच शाळेत नसतात. जूनच्या मध्यावर शाळा भरते तेव्हा शपथ देणारे पुढच्या कार्यक्रमाला लागलेले असतात आणि टपरी जागच्या जागी असते.

आम्हाला इथे एकच मुद्दा मांडायचा आहे. ही टपरी कायदा नाही म्हणून टिकलेली नाही. शाळा, पोलीस, महापालिका आणि वस्ती या चौघांपैकी कुणीही हे आपले काम मानत नाही, म्हणून ती टिकली आहे. त्याची सर्वांत जास्त किंमत आपल्या वस्त्यांतली मुले मोजत आहेत. त्यामुळे सुरुवात आपल्यालाच करावी लागेल, आणि ती करताना आपले स्वतःचे घर वगळता येणार नाही.

कायद्यात नेमके काय आहे?

सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य पदार्थांविषयीचा २००३ चा कायदा ‘कोटपा’ या नावाने ओळखला जातो. त्याच्या कलम ६ मध्ये दोन बंधने आहेत. १८ वर्षांखालील कुणालाही तंबाखूजन्य पदार्थ विकायचा नाही, हे पहिले. शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या परिघात तो विकायचाच नाही, हे दुसरे. शंभर यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर. हे अंतर गेटपासून रस्त्याने चालत मोजायचे नसते. शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून चारही दिशांना सरळ रेषेत मोजायचे असते. त्यामुळे ‘आमची टपरी मागच्या गल्लीत आहे, गेटपासून लांब आहे’ हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही.

या कायद्याच्या नियमांत आणखी काही गोष्टी आहेत. अल्पवयीनांना विक्री हा गुन्हा आहे असा फलक विक्रेत्याने लावायचा आहे. मुलांच्या हाती सहज लागेल असा माल मांडायचा नाही. १८ वर्षांखालील मुलाला तो माल हाताळायला किंवा विकायला लावायचे नाही. वडील जेवायला गेले म्हणून आठवीतला मुलगा तासभर टपरीवर बसतो, तेही या नियमांत बसत नाही.

दुसरा कायदा २०१५ चा बाल न्याय अधिनियम. त्याच्या कलम ७७ नुसार मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तिसरा आधार अन्न सुरक्षा कायद्याचा. त्याखाली महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आहे. पुढे सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीही त्यात आली. हा आदेश दर वर्षी नव्याने काढला जातो. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकण्यावरही बंदी घातली. ई-सिगारेटवर तर २०१९ पासून देशभर बंदी आहे.

म्हणजे शाळेसमोरच्या टपरीवर जे मिळते, त्यातला बराचसा माल शंभर यार्डांच्या आत असो वा बाहेर, राज्यात कुठेच विकता येत नाही. तरीही तो मिळतो. असे का होते?

दोनशे रुपयांचे गणित

कोटपाच्या कलम ६ चा भंग केला तर दंड किती? जास्तीत जास्त दोनशे रुपये. कायदा झाला तेव्हाही दोनशे आणि आजही दोनशे. चालत्या रस्त्यावरच्या टपरीला हा दंड म्हणजे एखाद्या दिवसाचे भाडे भरल्यासारखा आहे. दंड भरायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माळ लटकवायची.

त्यात कारवाईचा अधिकार वाटला गेलेला आहे. शाळेच्या आवारात कुणी धूम्रपान केले तर मुख्याध्यापक दंड करू शकतात. समोरच्या टपरीपर्यंत मात्र त्यांचा हात सहसा पोहोचत नाही. तिथली कारवाई बहुतेक वेळा पोलिसांवर, नाही तर अन्न व औषध प्रशासनावर सोडली जाते. मुख्याध्यापक म्हणतात, आमचे काम फलक लावण्याचे, तो लावला. पोलीस म्हणतात, गुटखा हा अन्न व औषध प्रशासनाचा विषय. तो विभाग म्हणतो, माल दाखवा, ठिकाण सांगा, तक्रार द्या. महापालिकेचे अतिक्रमण पथक येते तेव्हा टपरी उचलली जाते आणि आठ-पंधरा दिवसांत ती पुन्हा उभी राहते. यात प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर असतो आणि मुलाच्या हातातली पुडी तशीच राहते.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यात शंभर यार्डांवर पिवळी रेषा आखायला सांगितले आहे. महाराष्ट्रात शिक्षण विभाग आणि सलाम मुंबई फाउंडेशनसारख्या संस्थांनी तंबाखूमुक्त शाळांची मोहीम बरीच वर्षे चालवली आहे आणि तिच्यामुळे अनेक शाळांमध्ये हा विषय पोहोचला, हे मान्य केले पाहिजे. पण निकष शाळेला लावलेले आहेत आणि टपरी शाळेच्या हातात नाही. फलक, शपथ, समिती हे सगळे आत पूर्ण होऊ शकते. रस्त्यावरची रेषा रंगवली तरी तिच्या आत कोण बसले आहे, हे रोज पाहणारा माणूस लागतो. तो कुणी नेमलेला नाही.

कायद्यातली आणखी एक फट आपल्या चळवळीशी थेट संबंधित आहे. शंभर यार्डांची मर्यादा मान्यताप्राप्त शाळा, महाविद्यालये आणि उच्च शिक्षण संस्थांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेली आहे. आपल्या विहारांतल्या अभ्यासिका, वस्तीतले संध्याकाळचे वर्ग, स्पर्धा परीक्षेचे वाचनकक्ष यांत बसतात असे ठामपणे म्हणता येत नाही. रात्री दहापर्यंत अभ्यास करणारा मुलगा चहासाठी बाहेर पडतो आणि चहाशेजारी मावा मिळतो. तिथे रेषा आखायची तर ती आपल्यालाच आखावी लागेल.

चालत शाळेत जाणारी मुले

२०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के मुले-मुली कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होती. धूरविरहित तंबाखू, म्हणजे खाण्याची किंवा दाताला लावण्याची तंबाखू, सुरू करण्याचे मध्यक वय दहा वर्षांहूनही थोडे कमी निघाले. म्हणजे वापरणाऱ्यांपैकी निम्म्या मुलांनी ती चौथी-पाचवीच्या वयात किंवा त्याआधीच तोंडात घातली होती. मोठ्यांच्या २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. आपल्या राज्यात तंबाखू म्हणजे मुख्यतः खाण्याची तंबाखू. तिचा धूर होत नाही, वास लपवता येतो, वर्गात बसूनही ती गालात ठेवता येते. शाळेच्या दृष्टीने हेच जास्त घातक आहे.

सरासरीचा आकडा सगळ्यांवर सारखा पडत नाही. मोठे आवार, उंच कुंपण, गेटपर्यंत येणारी बस आणि आतच कँटीन असलेल्या शाळेतल्या मुलाचा टपरीशी संबंध फारसा येत नाही. महापालिकेच्या किंवा छोट्या अनुदानित शाळेत जाणारे मूल घरापासून चालत येते. त्याच्या वाटेवर दोन-तीन टपऱ्या असतात. शाळेचे मैदान म्हणजे रस्ता आणि कँटीन म्हणजे टपरी. ते मूल वर्षातले दोनशेहून अधिक दिवस, दिवसातून दोन-तीन वेळा त्या माळांखालून जाते. बुधवार पेठेपासून शहराच्या कडेच्या नव्या वस्त्यांपर्यंत आपली बहुसंख्य मुले याच दुसऱ्या प्रकारच्या शाळांत आहेत. समाजशास्त्राच्या भाषेत याला संपर्काची विषमता म्हणता येईल. साध्या भाषेत सांगायचे तर ज्याच्याकडे पर्याय कमी, त्याच्या वाटेत विष जास्त.

पुडीची किंमतही मुलाच्या खाऊच्या पैशांत बसणारी असते. सुगंधी सुपारीपासून सुरुवात होते, कारण ती ‘तंबाखू नाही’ असे समजले जाते. प्रत्यक्षात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलेले आहे. मावा तर टपरीवरच मळला जातो आणि साध्या प्लॅस्टिकमध्ये बांधून दिला जातो. पाकिटावर ८५ टक्के जागेत धोक्याचे चित्र छापायचा नियम आहे, पण माव्याला पाकीटच नसते. त्यामुळे ते चित्र मुलाच्या डोळ्यांसमोर येतच नाही.

सोलापूरचे वेगळेपण

आपल्या शहरात तंबाखू फक्त टपरीवर नाही, घरातल्या सुपातही आहे. गिरण्या आणि यंत्रमागांबरोबर विडी हा सोलापूरचा मोठा रोजगार. पूर्व भागातल्या तेलुगू भाषक पद्मशाली स्त्रियांपासून इतर अनेक समाजांतल्या स्त्रियांपर्यंत हजारो जणी विड्या वळून घर चालवतात. कारखान्यातून पान आणि तंबाखू आणायची, घरी विड्या वळायच्या, मोजून परत द्यायच्या आणि हजारावर मजुरी घ्यायची. एका खोलीच्या घरात मूल त्याच तंबाखूच्या धुळीत अभ्यास करते आणि झोपते. त्या आईला ‘तंबाखूपासून मुलाला दूर ठेवा’ असे सांगणे सोपे आहे. पण त्या मुलाची फी त्याच तंबाखूतून येते.

म्हणूनच सोलापुरात तंबाखूविरोधी बोलताना विडी कामगार स्त्रीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा अन्याय होईल. सरकारने तिच्या नावाने काय केले, तेही पाहायला हवे. विडी कामगारांच्या कल्याणासाठी विड्यांवर घेतला जाणारा उपकर २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर बंद झाला. त्या उपकरातून दवाखाने, घरे आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या यांसाठी पैसा येत होता. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने गुटखा-सिगारेटसाठी ४० टक्के दर ठरवला, पण विडीचा दर २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला. कारण म्हणून कामगारांचा रोजगार पुढे केला जातो. कर कमी झाल्याने हजार विड्यांची मजुरी आपोआप वाढत नाही, हे वळणाऱ्या स्त्रीला कुणी सांगायला नको. विडी स्वस्त राहते, ती ओढणारा गरीब राहतो आणि वळणारीही गरीबच राहते.

दुसरे वेगळेपण सीमेचे. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर हे तालुके कर्नाटकाला लागून आहेत. विजयपूर, कलबुर्गी, हैदराबादकडचे रस्ते शहरातून जातात. सीमेपलीकडून आलेला गुटखा पकडल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. गाडी पकडली जाते, चालकावर गुन्हा दाखल होतो आणि माल कुणी मागवला होता, हा प्रश्न बहुतेक वेळा पहिल्याच बातमीत संपतो. शाळेसमोर बसलेला टपरीवाला या साखळीचा शेवटचा आणि सर्वांत कमकुवत दुवा आहे. केवळ त्याच्यावर कारवाई करून साखळी तुटणार नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी आपल्या जिल्ह्यातल्या अनेक तरुणांना माहीत नसते. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये आपल्याच बार्शीत सुरू झाली. तिच्या क्षेत्रातल्या गावांत कोणत्या वयात, कोणता कर्करोग होतो, याची नोंद तेव्हापासून ठेवली जाते. तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण बार्शीला पोहोचतो तेव्हा अनेकदा उशीर झालेला असतो. त्याची सुरुवात कुठल्या तरी शाळेच्या गेटवर वीस-तीस वर्षांपूर्वी झालेली असते.

घरापासून टपरीपर्यंतची वाट

आता जरा आपल्याकडे वळू. मुलाला टपरीची ओळख कोण करून देते? बहुतेक वेळा घरातलेच कुणीतरी. ‘जा रे बाळा, आजोबांची पुडी घेऊन ये.’ मामा, काका, शेजारचे दादा पैसे देतात आणि उरलेल्या पैशांचा खाऊ घे म्हणतात. टपरीवाला ओळखीचा असतो, कुणासाठी आहे ते त्याला ठाऊक असते, तो देतो. कायद्याच्या दृष्टीने १८ वर्षांखालील मुलाला विकणे हाच गुन्हा आहे. पुडी कुणासाठी आहे, याने फरक पडत नाही. या गुन्ह्यात विक्रेता एकटा नसतो, पाठवणारेही असतात.

आपल्या आज्या-आत्या मिसरी लावतात. दात दुखतात म्हणून, भूक मरते म्हणून, सवय म्हणून. पोटाला पुरेसे नसताना दिवसभर राबणाऱ्या बाईने लावलेल्या मिसरीला आम्ही चंगळ म्हणणार नाही. पण तिच्या मांडीवर बसलेली नात ती डबी उघडते, हेही खरे आहे.

पंचशीलातले पाचवे शील आपण रोज ग्रहण करतो. त्याचा अर्थ आपण बहुधा दारूपुरता घेतला. बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे आणि तिने आपल्या समाजात मोठे काम केले. शेकडो घरांत दारू थांबली ती त्या प्रतिज्ञेच्या बळावर. तंबाखूला मात्र आपण सूट दिली. विहारात वंदना झाली की बाहेर येऊन चुना मळणारे उपासक आपल्याला खटकत नाहीत. जयंतीच्या मंडपामागे पुड्यांचा खच पडतो आणि तो झाडायला आपलीच लहान मुले असतात. पाचव्या शीलाचा गाभा सावधपणा राखण्याचा आहे. ज्या पदार्थावाचून दोन तास बसवत नाही, हात आपोआप खिशाकडे जातो, तो पदार्थ सावधपणा काढून घेतो. मग तो प्यायचा असो की चघळायचा.

हे कुणाला हिणवण्यासाठी लिहीत नाही. तंबाखू सोडणे अवघड आहे, ते इच्छाशक्तीवर सोडून चालत नाही. केंद्र सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत दूरध्वनी सेवा त्यासाठी आहे. हा क्रमांक पाकिटावरच छापलेला असतो. आपल्या विहारांच्या फळ्यावर तो लिहायला काय हरकत आहे?

टपरीवालाही आपलाच आहे

या विषयावर वस्तीत बैठक घेतली की दोन सूर निघतात. एक म्हणतो, टपऱ्या उचला, गुन्हे दाखल करा. दुसरा म्हणतो, गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका, मोठे कारखानदार मोकळे आणि तुम्ही टपरीवाल्याच्या मागे लागता. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

टपरी चालवणारा अनेकदा गिरणी बंद पडलेल्या कामगाराचा मुलगा असतो, अपंग असतो, विधवा बाई असते. त्यात आपल्याही समाजाचे लोक आहेत. त्याने बिस्किटे विकून मिळणारा नफा आणि पुड्या विकून मिळणारा नफा यांत फरक आहे, म्हणून तो पुड्या ठेवतो. पण त्याच्या गरिबीची भरपाई आपल्या मुलांच्या तोंडातून करायची, हा न्याय होऊ शकत नाही. बुद्धांनी गृहस्थांना जे व्यापार टाळायला सांगितले, त्यांत मादक पदार्थ आणि विष यांचा व्यापार आहे. सम्यक आजीव सांगताना एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे : आजीविका आधी लागते, ती सम्यक करायला मग मदत लागते. नुसता उपदेश करून कुणाची चूल पेटत नाही.

त्यामुळे आमची भूमिका अशी आहे. शंभर यार्डांच्या आतली तंबाखू विक्री थांबलीच पाहिजे, यात तडजोड नाही. टपरी मात्र राहू शकते. तिच्यातला माल बदलला पाहिजे. तंबाखू हटवा आणि टपरीवाल्याला उभे करा, या दोन्ही मागण्या एकाच निवेदनात असल्या पाहिजेत.

काय करता येईल?

पहिले काम मोजणीचे. प्रत्येक वस्तीतल्या पाच-सहा तरुणांनी आपापल्या शाळेच्या कुंपणापासून टेपने ९१ मीटर मोजावेत आणि आत किती ठिकाणी तंबाखू मिळते याचा साधा नकाशा करावा. टपरीवाल्याचे नाव, चेहरा किंवा मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नयेत. आपल्याला शाळेभोवतालची स्थिती दाखवायची आहे, कुणाची बदनामी करायची नाही. अभ्यासिका आणि विहारांभोवतीही हीच मोजणी करावी.

दुसरे काम शाळा व्यवस्थापन समितीतून. शिक्षण हक्क कायद्यानुसार महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत ही समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. म्हणजे आपल्याच माता-भगिनी तिथे बसतात, पण बैठकीत त्यांच्याकडून फक्त सही घेतली जाते. समितीने नकाशा जोडून ठराव करावा. तो ठराव पोलीस ठाणे, अन्न व औषध प्रशासन आणि महापालिका या तिघांकडे एकाच दिवशी द्यावा आणि पोच घ्यावी. एकाच ठरावावर तिघांची पोच असली की ‘हा आमचा विषय नाही’ असे म्हणणे अवघड जाते. महिन्याने काय कारवाई झाली, हे माहिती अधिकारात विचारावे.

तिसरे काम महापालिकेत. जवळपास चार वर्षे प्रशासकाच्या हाती असलेल्या सोलापूर महापालिकेत जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर पुन्हा नगरसेवक आले आहेत. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून सुचवले होते की तंबाखू विकणाऱ्या दुकानांना स्थानिक संस्थेचा परवाना असावा आणि अशा दुकानात चॉकलेट, बिस्किटे, शीतपेये विकू देऊ नयेत. मुलाला खाऊ आणि पुडी एकाच ठिकाणी मिळणे बंद झाले की अर्धे काम होते. आपल्या प्रभागातल्या नगरसेवकाला विचारा : हा ठराव तुम्ही सभागृहात मांडणार का? मते मागायला ते वस्तीत आले होते. आता वस्तीने त्यांच्याकडे जायला हरकत नाही.

चौथे काम टपरीवाल्यासाठी. त्याला आधी भेटावे, कायदा समजावून सांगावा, मुदत द्यावी. पथविक्रेता म्हणून नोंदणी, ओळखपत्र आणि पीएम स्वनिधीचे कर्ज यांची कागदपत्रे करून द्यायला कार्यकर्त्यांनी बसावे. या योजनेतला पहिला हप्ता आता १५ हजार रुपयांचा आहे. शालेय साहित्य, फळे, भेळ, चहा-नाश्ता यांकडे वळायला एवढी रक्कम सुरुवात म्हणून उपयोगी पडते. वस्तीनेही ठरवावे की जो तंबाखू काढून टाकेल, त्याच्याकडूनच खरेदी करायची. वारंवार सांगूनही जो शाळकरी मुलांना पुड्या विकतो, त्याच्यासाठी बाल न्याय कायद्याचे कलम ७७ आहे. ते वापरताना मग मागे-पुढे पाहू नये. मात्र तक्रार देताना माल पुरवणाऱ्याचा शोध घेण्याची मागणीही लेखी करावी.

पाचवे काम विडी कामगार स्त्रियांबरोबर उभे राहण्याचे. कुंभारीजवळ विडी कामगार स्त्रियांनी गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी करून घेतली, ती लाल बावट्याखाली संघटित होऊन, वर्षानुवर्षे लढून. ज्या स्त्रिया हे करू शकल्या, त्या पर्यायी रोजगाराचा लढाही लढू शकतात. बंद झालेल्या उपकराच्या जागी कल्याणाचा पैसा कुठून येणार आणि मुलांच्या शिष्यवृत्त्यांचे काय, हे प्रश्न विचारताना त्यांच्या शेजारी आपण असलो पाहिजे.

सहावे काम सर्वांत सोपे आणि सर्वांत अवघड. मुलाला पुडी आणायला पाठवायचे नाही, हा नियम प्रत्येक घराने करावा. विहार, अभ्यासिका आणि जयंतीचा मंडप इथे तंबाखू नको, हा नियम प्रत्येक मंडळाने करावा. वर्षावासातल्या प्रवचनांत एक दिवस या विषयाला द्यावा आणि त्या दिवशी दंतवैद्याला बोलावून तोंडाची तपासणी ठेवावी. तोंड उघडल्यावर उभी तीन बोटे आत जात नसतील तर लगेच डॉक्टरांकडे जायचे, एवढे तरी प्रत्येक तरुणाला माहीत असावे.

शेवटी एक आठवण द्यायची आहे. जुलै १९२४ मध्ये बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि तिच्या पहिल्या कामांपैकी एक होते अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीचे वसतिगृह. ते ४ जानेवारी १९२५ रोजी सुरू झाले, आपल्या सोलापुरात. तेव्हा आपल्या मुलांना शाळेपर्यंत पोहोचणेच कठीण होते. आज मुले शाळेच्या गेटपर्यंत पोहोचली आहेत. त्या गेटसमोरच्या ९१ मीटरांत त्यांना काय मिळते, हे पाहण्याची जबाबदारी आपल्या पिढीवर आहे. वसतिगृहासाठी तेव्हाच्या माणसांनी घर शोधले, पैसा जमवला, मुले गोळा केली. आपल्याला एक मोजपट्टी, एक ठराव आणि रोज अर्धा तास एवढेच लागणार आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर आपल्या वस्तीतल्या एका शाळेपासून सुरुवात करूया.

जय भीम! नमो बुद्धाय!